प्रवासातले पांघरूण

प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या सामानात सर्वांत अधिक वाद कोणत्या वस्तूवरून होत असेल, तर तो पांघरुणावरून. तांब्या, विजेरी, दशम्यांचा डबा यांविषयी कोणी फारशी हुज्जत घालीत नाही. परंतु पांघरूण बांधावयाची वेळ आली की घरातली वडील मंडळी म्हणतात, "चांगले जाडजूड घ्या, रात्री कळेल." आणि ज्याला ते उचलावयाचे असते तो म्हणतो, "एवढे ओझे वाहणार कोण?" दोघांचेही म्हणणे खरे असते, म्हणूनच हा वाद मिटत नाही. शेवटी एक तर माणूस ओझ्याने वाकतो, नाही तर थंडीने कुडकुडतो. आणि या दोहोंचीही ज्याला भीती वाटते तो मुळी घराबाहेर पडतच नाही. या तिसऱ्या माणसासाठी आजचे माझे चार शब्द आहेत.

आमचा आदिलाबाद जिल्हा उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असला, तरी त्याची थंडीही काही कमी नाही. डिसेंबर-जानेवारीत येथला पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो. उटनूरकडचा डोंगराळ भाग, कडेम नदीवरचा कुंटाळा धबधबा, कव्वालचे जंगल ही सारी ठिकाणे पाहावयास माणसे येतात ती नेमकी याच दिवसांत. पलीकडून किनवट, माहूर, यवतमाळ, चंद्रपूर या भागांतली मराठी मंडळीही येतात. त्यांना हा मुलूख परका वाटत नाही, आणि वाटावा तरी का? १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा सरकली, पण सोयरीक राहिली.

याच थंडीत, पौष अमावास्येला, इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातले गोंड बांधव त्या आधी गोदावरीच्या हस्तिनमडुगू या डोहाचे पाणी आणावयास अनवाणी पायी जातात, परत येऊन केसलापूरच्या वडांखाली मुक्काम करतात आणि अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने नागोबाची महापूजा होते. कित्येक दिवसांची ही पायपीट आणि उघड्यावरचा हा मुक्काम पाहिला म्हणजे, प्रवासात माणसाला खरोखर किती वस्तू लागतात, याविषयीच्या आपल्या कल्पना पुष्कळच बदलतात. माझ्या तर एका रात्रीत बदलल्या.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. किनवटहून माझी आत्या आली होती. वय सत्तरीच्या पुढचे. नागोबाची जत्रा एकदा डोळ्यांनी पाहावी, अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. पण "रात्री उघड्यावर राहावे लागते, तुला सोसणार नाही" असे म्हणून घरचे तिला दर वर्षी थांबवीत. मी पडलो शाळामास्तर. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच, अशी माझी समजूत. मी शहरातून दोन नवी पांघरुणे आणली. कृत्रिम धाग्यांची, मऊ लुसलुशीत, आणि इतकी हलकी की दोन्ही मिळून मुलाच्या दप्तरात मावावीत. आत्या ती हातात घेऊन म्हणाली, "अरे, हे पांघरूण आहे की कापसाचा पेळू?" मी तिला नव्या काळाच्या प्रगतीवर एक लहानसे व्याख्यान दिले आणि आम्ही निघालो.

मुक्कामाला मी मुद्दाम मोकळे मैदान निवडले. वर स्वच्छ आकाश, अमावास्येची रात्र, ताऱ्यांचा सडा. खाली प्लास्टिकचे एक पातळ कापड अंथरले, त्यावर आत्या निजली, अंगावर ते हलके पांघरूण घातले. दहा वाजेपर्यंत सारे ठीक होते. मध्यरात्र उलटली आणि आत्या उठून बसली. "वरून ऊब लागते रे," ती म्हणाली, "पण पाठ गोठून गेली." मी पांघरुणाला हात लावला, तो ते दवाने वरून दमट झालेले. माझे पांघरूणही तिच्या अंगावर घातले, तरी तिचे कापणे थांबेना. तिचे थंडगार पडलेले हात हातात घेतले तेव्हा, घरच्या लोकांना मी कोणते उत्तर देणार आहे, हा प्रश्न माझ्यापुढे प्रथमच उभा राहिला.

शेजारी एक बैलगाडी सुटलेली होती. तिच्याजवळचा वृद्ध गोंड गृहस्थ आमची धडपड पाहत असावा. तो उठून आला. आमच्या या भागात डोंगरातली पुष्कळ मंडळी मराठी सहज बोलतात. तो म्हणाला, "गुरुजी, थंडी वरून कमी येते, भुईतून जास्त येते. आधी भुई झाका. आणि आजीला असे आभाळाखाली नका निजवू, झाडाखाली आणा." त्याने बैलांच्या वैरणीतले दोन कवळे वाळलेले गवत आणले, झाडाखाली पसरले, त्यावर गोणपाट टाकले आणि गोणपाटावर आपली घोंगडी अंथरली. मला वाटले होते, तो घोंगडी वर पांघरावयास देईल. त्याने ती खाली घातली आणि वर आमचेच हलके पांघरूण ठेवले. पंधरा मिनिटांत आत्याचे घोरणे ऐकू येऊ लागले. मी दुसरे पांघरूण लपेटून शेकोटीशी बसलो आणि पहाटेपर्यंत माझ्या त्या नव्या पांघरुणाला ठिणग्यांनी पाच भोके पाडली.

सकाळी घोंगडी परत करताना ती उचलून पाहिली. माझ्या पाठीवरच्या साऱ्या पिशवीइतकी ती एकटीच भरली असती. मी म्हणालो, "बाबा, ही फार जड हो." तो हसला. "गाडी वाहते," तो म्हणाला, "मी कुठे वाहतो?"

श्रोतेहो, पांघरुणाच्या निवडीचे अर्धे शास्त्र या दोन वाक्यांत आहे असे मला वाटते. पहिले, आधी भुई झाका. दुसरे, ओझे कोण वाहणार ते आधी ठरवा. उरलेले अर्धे शास्त्र मी पुढे वाचून आणि अनुभवाने मिळविले. ते आता आपल्यापुढे ठेवतो.

पांघरूण ऊब निर्माण करीत नाही. ऊब असते ती आपल्याच शरीराची. पांघरूण ती फक्त निसटू देत नाही. आणि हे काम प्रत्यक्षात करते ती पांघरुणाच्या धाग्यांत अडकलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीने जाते. म्हणून ज्या पांघरुणात हवा पुष्कळ आणि स्थिर राहते ते उबदार. वजनाशी त्याचा संबंध केवळ योगायोगाचा. परंतु याच नियमाला दोन शत्रू आहेत. एक पाणी. हवेपेक्षा पाणी उष्णता वीस-पंचवीस पट सहज वाहून नेते; त्यामुळे हवेची जागा पाण्याने घेतली की पांघरूण असून नसून सारखेच. दुसरा शत्रू दाब. आपण ज्यावर निजतो ते मऊ पांघरूण आपल्या भाराने चेपते, त्यातली हवा निघून जाते आणि पाठ थेट जमिनीला भिडते. माझ्या त्या फुगीर पांघरुणाच्या चार घड्या खाली घातल्या असत्या, तरी फारसा उपयोग झाला नसता. घोंगडीची राठ लोकर मात्र दबत नाही. म्हणून त्या वृद्धाने ती खाली अंथरली होती.

मोकळ्या मैदानाविषयीही तो बरोबरच बोलला होता. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असते, आणि तसेच पांघरूणही. त्यामुळे त्याचा वरचा पदर भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर दव धरते. वर झाडाची छाया असेल तर हा व्यय पुष्कळ कमी होतो. केसलापूरला वडांखाली जो मुक्काम पडतो त्यामागचा भाव श्रद्धेचा आहे. पण त्या श्रद्धेची जागा निजावयासही उत्तम आहे, हे मी त्या रात्री शिकलो. त्याचप्रमाणे थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साचते. ओढ्याकाठची सपाट वाळू दिवसा मोह घालते. रात्री मात्र थोडे वर, चढावर निजलेला माणूस सुखी असतो.

आता बाजारात मिळणाऱ्या प्रकारांकडे वळू. आपल्या भाषेत पांघरुणाला शब्द तरी किती आहेत! घोंगडी, कांबळे, धाबळी, चादर, पासोडी, वाकळ, गोधडी, रजई, शाल. प्रत्येक शब्दामागे एक निराळी गरज आहे, आणि यांतले कोणतेही एक दुसऱ्याचे काम पूर्णपणे करीत नाही.

घोंगडी ही दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची. तेलंगणात कुरुमा आणि महाराष्ट्रात सनगर व धनगर समाजातले विणकर ती हातमागावर विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. तिचे वजन साधारण दोन ते तीन किलो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेता येते. ठिणगी पडली तर ती पेट न घेता तेवढ्यापुरती करपते. मेंढपाळाच्या खांद्यावरून ती पिढ्यान् पिढ्या उतरली नाही, याचे कारण हेच. परंतु पाठीवर पिशवी घेऊन हिंडणाऱ्याला ती जड होते आणि तिची घडीही लहान होत नाही. जेथे गाडी जाते, मोटार जाते, तेथे मात्र तिच्यासारखे अंथरूण नाही. आज ही राठ लोकर घेणारे थोडे उरले आहेत आणि विणणारे हातही कमी होत चालले आहेत. ज्याच्या दारी वाहन आहे त्याने एक घोंगडी घ्यावी, ती दयेपोटी नव्हे. आपल्या पाठीच्या सोयीसाठी घ्यावी.

सोलापुरी चादर आपल्या घराघरांत असते. विणीला घट्ट, धुवावयास सोपी आणि वर्षानुवर्षे टिकणारी. रेल्वेच्या प्रवासाला, धर्मशाळेत, ओसरीवर ती उत्तम. परंतु ती सुताची. सूत ओल धरते आणि सहजासहजी सोडीत नाही. दवाच्या रात्री उघड्यावर एकट्या चादरीवर विसंबू नये. तीच गोष्ट गोधडीची. आईच्या लुगड्यांची गोधडी घरात जितकी प्रेमळ, तितकीच प्रवासात जड. आणि भिजली तर दोन दिवस वाळत नाही.

ज्याला बाजारात फ्लीस म्हणतात ते कृत्रिम धाग्याचे लवदार कापड अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका गिरणीने १९७९ साली प्रथम तयार केले. धागा पॉलिएस्टरचा, तो पाणी जवळजवळ शोषीतच नाही. ओले झालेले फ्लीस पिळून, झटकून वाऱ्यावर टाकले की थोड्याच वेळात वापरता येते. स्वस्त, हलके, मऊ. त्याचे दोष दोन. वारा त्यातून आरपार जातो, आणि विस्तवाची ठिणगी लागली की ते वितळते. माझी पाच भोके त्याची साक्ष देतील. म्हणून फ्लीस घेणाऱ्याने वाऱ्यासाठी वरून एखादे घट्ट विणीचे पातळ कापड घ्यावे आणि शेकोटीपासून चार हात दूर राहावे.

सर्वांत हलका आणि सर्वांत लहान घडीचा प्रकार म्हणजे हंस-बदकांच्या पिसांखालची मऊ लव भरलेले पांघरूण. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने विमानी फुग्याच्या कापडात अशी लव भरून कोट शिवून घेतला होता. सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली. पण उंचावरच्या वाऱ्यात तो कोटच खरा ठरला. आज अशी पांघरुणे अर्ध्या किलोच्या आसपास मिळतात आणि मुठीने दाबून लहानशा थैलीत बसतात. मात्र ती महाग असतात, आणि लव भिजली की तिचे गोळे होऊन ऊब संपते. कोरड्या थंडीत त्यांना तोड नाही. पावसाळी मुक्कामाला ती नेऊ नयेत. ज्यांना किंमत परवडत नाही किंवा प्राण्यांची लव नको असते, त्यांच्यासाठी तशीच कृत्रिम तंतू भरलेली पांघरुणे असतात. ती थोडी जड, थोडी फुगीर. पण ओल्यातही बरीचशी ऊब राखतात.

आणखी एक चंदेरी कागदासारखी वस्तू मिळते. पातळ प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर दिलेला हा प्रकार १९६४ साली अमेरिकेच्या अवकाशसंशोधनातून निघाला. वजन शंभर ग्रॅमच्याही आत. शरीरातून बाहेर पडणारी उष्णता तो आरशासारखी परत फेकतो. परंतु त्यातून हवा खेळत नाही, त्यामुळे आत घाम साचतो. शिवाय कूस बदलली की त्याचा खडखडाट होतो. त्याला पांघरूण समजू नये. संकटकाळासाठी एक घडी पिशवीच्या तळाशी असू द्यावी, इतकेच.

आता दुकानात निवड कशी करावी? दुकानदाराच्या "फुलासारखे हलके" या शब्दांवर जाऊ नका. पांघरूण तराजूवर टाकावयास सांगा. बांधलेल्या मालावर पुष्कळदा "जीएसएम" असा आकडा असतो. त्याचा अर्थ दर चौरस मीटरला किती ग्रॅम. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब पांघरूण म्हणजे तीन चौरस मीटर. आकडा २५० असेल तर त्याचे वजन ७५० ग्रॅम भरेल. हा हिशेब चौथीतला मुलगाही करील आणि तो आपणांस फसगतीपासून वाचवील. त्यानंतर लांबी पाहा. आपल्या उंचीहून ते हात-दीड हात अधिक हवे, म्हणजे पायांखाली दुमडता येते. पाय उघडे पडले की झोप उडालीच. मग ते दुकानातच गुंडाळून बांधून पाहा. घडी केवढी होते, ती बांधावयास दोन माणसे तर लागत नाहीत ना, याची खात्री करा. आणि शक्य असेल तर एकाच जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ घ्या. दोहोंच्या मध्ये हवेचा एक थर राहतो, थंडीप्रमाणे कमीअधिक करता येते आणि ओझे दोघांत वाटता येते.

घरी आल्यावरही थोडी काळजी हवी. लव किंवा तंतू भरलेले पांघरूण दाबून थैलीत वर्षभर ठेवू नये. त्याचा फुगीरपणा जातो. ते मोकळे ठेवावे. लोकरीला कसर लागते, म्हणून ती उन्हे दाखवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी. आणि मुक्कामात दुपारचे ऊन पडले की प्रत्येक पांघरूण उलटेपालटे करून अर्धा तास वाळवावे. रात्रीची ओल दिवसा घालविली नाही, तर दुसऱ्या रात्री ती आपल्याला घालविते.

सर्वांत शेवटी भुई. पाठीवर ओझे वाहणाऱ्याने तीन-चारशे ग्रॅमची फोमची चटई बरोबर घ्यावी. ती दाबली जात नाही आणि ओल धरीत नाही. गावाजवळ मुक्काम असेल तर मागून घेतलेले वाळके गवत किंवा कडबा याहून चांगली गादी नाही. फक्त सकाळी ते ज्याचे त्याला परत करावे, कारण ते बैलाचे अन्न आहे. कानटोपी आणि कोरडे पायमोजे घालून निजणे म्हणजे फुकटचे आणखी एक पांघरूण.

आपल्याकडे प्रवासाचे गाठोडे बांधतो एक आणि वाहतो दुसरा. बहुधा ते घरातल्या बाईच्या डोक्यावर किंवा काखेत जाते, आणि पांघरूण कोणते घ्यावे हे तिला कोणी विचारीत नाही. तेव्हा पांघरूण विकत घेताना बरोबरच्या मंडळींतले सर्वांत वृद्ध किंवा सर्वांत लहान माणूस डोळ्यांपुढे आणावे, आणि हे दोन प्रश्न विचारावेत. याला याची ऊब पुरेल काय? आणि जिला हे उचलावयाचे आहे तिला ते झेपेल काय? तरुणाची एक रात्र कशीही निभते. वृद्धाची एक वाईट रात्र त्याचे पुढचे सारे प्रवास बंद करते.

माझ्या आत्याचे प्रवास बंद झाले नाहीत. पुढल्या वर्षी पौषात ती पुन्हा आली, तेव्हा तिच्याजवळ तिचे स्वतःचे गाठोडे होते. एक फोमची चटई, दोन पातळ फ्लीस आणि वरून घ्यावयास तिचीच एक जुनी घट्ट विणीची चादर. मी सवयीने ते उचलावयास हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. म्हणाली, "राहू दे रे. तोलून आणले आहे. तीन किलोही नाही. आता मला कोणी थांबवायचे नाही." आणि केसलापूरच्या वाटेवर ती माझ्यापुढे दहा पावले चालत राहिली.